दुसऱ्या रांगेतली पांढरी गाडी

जे मोजता येतं ते चुकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हे वाक्य वर्षभर फळ्यापुढे उभी राहून सांगते आणि मुली बिचाऱ्या ते वहीत उतरवूनही घेतात. म्हणून नवी गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा मी मागे-पुढे सेन्सर असलेलीच घेतली. काही जवळ आलं की टीं-टीं करणारी, आणखी जवळ आलं की बोंबलणारी, आणि तरीही ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक मारणारी! अख्ख्या कैरोत गाडी घ्यायची अक्कल एकट्या मलाच आहे, अशा थाटात मी ती दारात आणून उभी केली.

"सेन्सर?" माझा धाकटा भाऊ सफ्वत म्हणाला. "अब्ला, जवळ काही आलं की तो ओरडणार ना? मग कैरोत लांब काय असतं?"

अब्ला म्हणजे ताई. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनाही अब्लाच म्हणतात. त्यामुळे मी घरीही अब्ला, शाळेतही अब्ला, आणि दोन्हीकडे उत्तर माझ्याच जवळ असतं असा माझा समज.

"माणूस अंदाज करतो," मी त्याला म्हणाले. "सेन्सर मोजतो."

गाडी विजेवरची होती, चिनी होती आणि पांढरी होती. तिच्या पडद्यावरची सगळी अक्षरं चिनी. मधूनच एक बाई आतून चिनीत काहीतरी बजावायची. "भाषा बदलून मिळेल, इन्शाअल्ला," असं विक्रेता म्हणाला होता. इन्शाअल्ला ऐकल्यावर आम्ही पुढची चौकशी करत नाही. आणि टीं-टीं सगळ्या भाषांत सारखंच की!

आता सफ्वतबद्दल. सफ्वत भूगर्भशास्त्रज्ञ आहे. महिनेच्या महिने वाळवंटात दगडांशी बोलतो आणि परत आला की माणसांशी बोलायचं विसरलेला असतो. एक्केचाळीस वर्षांत त्याने लग्नाचा विषय काढला नव्हता. मग अचानक तो कैरोच्या शुब्रा भागातल्या एका औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्या आणायला लागला. आठवड्यातून तीनदा! खोकला कुणालाच नव्हता. कपाटात गोळ्यांचा ढीग लागला तेव्हा मी त्याला समोर बसवून उलटतपासणी घेतली. दुकानातल्या फार्मासिस्ट मुलीचं नाव हनादी असल्याचं निष्पन्न झालं.

आई-वडील नाहीत, म्हणून मागणी घालायला मीच जायचं होतं. शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर. मुलीचे वडील उस्ताद फिक्री, निवृत्त मुख्याध्यापक. सगळं जमलं तर त्याच बैठकीत फातिहा वाचून लग्न पक्कं करायचं, असं ठरलं होतं. सफ्वतने राखाडी कोट घातला. मी पेस्ट्रीचा रिबीनवाला खोका घेतला. आणि मेट्रोने दहा मिनिटांत पोचता येत असूनही मी गाडी काढली. मुलीकडच्यांनी वरून बघितलं तर बघू दे, असा त्यामागचा विचार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

त्यांच्या गल्लीत फुटपाथलगतची रांग अर्थातच भरलेली होती. म्हणून दुसरी रांग. दुसऱ्या रांगेत गाडी लावायची आमच्याकडे एक रीत आहे, आणि ती आम्ही चालायला शिकण्याआधी शिकतो. ब्रेक लावायचा नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, चाकं सरळ करायची आणि निघून जायचं. आतल्या रांगेतल्या माणसाला बाहेर पडायचं असलं की तो तुमची गाडी हाताने ढकलतो, आपली काढतो आणि जातो. तुम्ही परत येता तेव्हा गाडी ठेवल्या जागी नसते, चार घरं पुढे असते, पण असते. दुसऱ्या रांगेत ब्रेक ओढून जाणारा माणूस म्हणजे जिन्यात आडवा झोपणारा माणूस. त्याला क्षमा नाही.

सफ्वत उतरून गाडीच्या मागे उभा राहिला आणि सवयीने हात हलवायला लागला. तेवढ्यात त्या गल्लीतल्या गाड्या लावून देणारा, बंदारी नावाचा माणूस, चहाचा ग्लास टाकून धावत आला.

"ये, ये, ये! स्टिअरिंग तोड उजवीकडे! पूर्ण तोड! आता सोड! ये, माझ्या हातावर ये!"

त्याने हात हलवला की गाडी टीं-टीं करायची. तो जवळ आला की कचकन थांबायची. आतली चिनी बाई तापत चालली होती.

"रईस, जरा बाजूला व्हा!" मी काच खाली करून म्हणाले; गाड्या लावणाऱ्यालाही आमच्याकडे रईस, म्हणजे साहेब, म्हणायचं असतं. "तुम्ही सेन्सरमध्ये येताय."

"मी सेन्सरमध्ये येतोय?" बंदारी छातीवर हात ठेवून म्हणाला. "मॅडम, तुमचा सेन्सर माझ्या गल्लीत आलाय!"

"मला ऐकू येत नाहीये त्याचं. प्लीज!"

"बरं! मग बक्षीसही त्या पिपाणीलाच द्या!" असं म्हणून तो कोपऱ्यावरच्या कॅफेत पाठ करून बसला.

मी मात्र गाडी अशी लावली, अशी लावली की काय सांगू! आतल्या रांगेत कापड पांघरलेली एक जुनी फियाट होती. तिच्यापासून बरोबर वीतभर अंतर. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, ब्रेक सोडला, पडद्यावरचा लाल दिवा विझल्याची खात्री केली, उतरले, कुलूप लावलं. गाडीतून एक छोटासा 'खट्' आवाज आला. मला तो समाधानाचा वाटला.

वर दिवाणखान्यात सोनेरी खुर्च्यांवरची आच्छादनं आमच्यासाठी काढलेली होती. हनादीची आई, तांत (म्हणजे मावशी) सुहैर, हिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मला सगळ्यांत खोल खुर्चीत बसवलं. तिथून उठायला दोघांची मदत लागली असती. उस्ताद फिक्री समोर ताठ बसले. मुख्याध्यापक निवृत्त होतो, ताठपणा होत नाही. हनादी कॉफीचा ट्रे घेऊन आली. सफ्वतने कप घेतला, बशी घेतली नाही आणि गालीच्याकडे बघत म्हणाला, "गालीचा... गालीचा चांगला आहे."

"बोलतो की!" तांत सुहैर आनंदाने म्हणाली.

स्वयंपाकघरात गुलाबाचं लाल सरबत बर्फ घालून तयार होतं, ते मला दारातून दिसत होतं. होकार झाल्याशिवाय ते बाहेर येत नाही. आणि होकाराला एकच गोष्ट अडून होती. तांत सुहैरचा थोरला भाऊ, अब्दुलबारी मामा, झगाझीगहून आगगाडीने निघाले होते. मामांशिवाय या घरात फातिहा वाचली जात नाही. एवढ्यात फोन वाजला. मामा रामसीस स्टेशनावर उतरले होते.

"आलोच मी त्यांना घेऊन," उस्ताद फिक्री उठले. "इंजिनियरसाहेब, तोवर पेस्ट्री खा."

आमच्याकडे कोट घातलेला प्रत्येक पुरुष इंजिनियर असतो. सफ्वतने मान हलवली.

उस्ताद फिक्री गेले आणि थोड्याच वेळात परत आले. एकटे. चेहरा असा लाल, की टेस्ट ट्यूबमध्ये घातला असता तर निळा लिटमस तांबडा झाला असता.

"जनावर!" ते म्हणाले. "कुणीतरी जनावर माझ्या फियाटसमोर गाडी लावून गेलंय! दुसऱ्या रांगेत! आणि ब्रेक ओढून!"

"अगं बाई! ब्रेक ओढून?" तांत सुहैरने तोंडावर हात ठेवला.

"ढकलून ढकलून खांदा गेला माझा. तसूभर हलत नाही!"

आम्ही सगळे बाल्कनीत गेलो. खाली पांढऱ्या गाड्याच गाड्या. कैरोतली निम्मी वाहनं पांढरी आहेत. मी आमची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली होती, ब्रेक सोडला होता, दिवा विझलेला बघितला होता. म्हणजे ती आमची असणं शक्यच नव्हतं! माझं मन इतकं स्वच्छ होतं की मी सगळ्यांत पुढे होऊन बोलले.

"घर्षण म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला गाडी द्यावीच कशाला?" मी म्हणाले. "शिक्षण नाही, दुसरं काय!"

"शिक्षण सोडा अब्ला, संस्कार!" उस्ताद फिक्री गरजले. "घराण्याचा प्रश्न आहे हा. असल्या माणसाच्या घराण्यात मी मांजरसुद्धा देणार नाही! काय, इंजिनियरसाहेब?"

"मांजरसुद्धा नाही," सफ्वत म्हणाला. त्या दिवसातलं तोवरचं त्याचं सगळ्यांत ठाम वाक्य!

हनादी कठड्याला टेकून शांतपणे खाली बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "त्या गाडीच्या मागे ते गोल गोल काय आहे हो? शर्टाच्या गुंड्यांसारखं?"

मी खाली बघितलं. एक, दोन, तीन, चार. चार गुंड्या, म्हणजे माझे चार सेन्सर. त्यांच्या शेजारी कापड पांघरलेली फियाट. मध्ये वीतभर अंतर.

तो 'खट्' आवाज समाधानाचा नव्हता. मी कुलूप लावताच गाडीने स्वतःहून ब्रेक ओढून घेतला होता! कुलूपबंद गाडी सैल सोडणं हे चीनमध्ये बहुधा पाप असावं. मी सफ्वतकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातातल्या कपातली कॉफी हिंदकळून राखाडी कोटावर आली.

"तुम्ही कशाने आलात?" उस्ताद फिक्रींनी सहज विचारलं.

"मेट्रोने," मी म्हणाले.

"टॅक्सीने," सफ्वत त्याच क्षणी म्हणाला.

तांत सुहैरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"मेट्रोने आलो," मी म्हणाले, "आणि मग स्टेशनपासून टॅक्सी."

"मेट्रो स्टेशन तर इथे कोपऱ्यावरच आहे!" तांत सुहैर म्हणाली.

"पेस्ट्री होती ना," मी म्हणाले. या उत्तरावर शाळेत मी शून्य गुण दिले असते.

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, खरं सांगून टाकायचं! पण घराण्याचा निकाल लागून गेला होता, आणि त्यावर आम्ही दोघांनी शिक्कामोर्तब केलं होतं. खरं बोलले असते तर सफ्वतला मांजरसुद्धा मिळणार नव्हती. आणि त्याचा चेहरा मी बघत होते. एक्केचाळीस वर्षांत या मुलाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि मी ते घ्यायला गाडी आणली!

"मी जरा खाली जाऊन येते," मी म्हणाले. "औषध घ्यायचंय."

"औषध?" तांत सुहैरने माझा दंड धरला. "घरात फार्मासिस्ट मुलगी असताना पाहुणी औषधाला खाली जाणार? लोक काय म्हणतील? कसलं औषध?"

"खोकल्याचं," मी म्हणाले.

हनादी खोकल्यासारखं काहीतरी करून चटकन आत वळली.

"चला, इंजिनियरसाहेब!" उस्ताद फिक्रींनी बाह्या सरसावल्या. "हात लावा. गाडी उचलूनच बाजूला ठेवू."

सफ्वत निघाला. जाताना मी पर्समधली किल्ली त्याच्या हातात सारायला गेले, तर तो अंगावर पाल पडल्यासारखा दचकला. "वेडी आहेस का?" तो पुटपुटला. "ही किल्ली घेऊन जवळ गेलं की ती दिवे लावून नाचते!"

खरं होतं. किल्लीवाला जवळ आला की ती गाडी त्याला ओळखते. याच सोयीवर मी भाळले होते.

मी बाल्कनीतून बघत राहिले. कॅफेतून सहा जण उठून आले. डॉमिनो खेळणारे दोघं, एक न्हावी, एक मधासारखं गोड बोलणारा फळवाला, आणि आणखी दोघं, ज्यांचा कुणाशीच काही संबंध नव्हता. बंदारी मात्र पाठ करून बसून राहिला; गाडी कुणाची ते त्याने मान वळवूनही बघितलं नाही. सगळ्यांनी मागचा बंपर धरला. सफ्वतनेही धरला. आपल्याच बहिणीची गाडी परक्याची समजून उचलायची, असा अभिनय करायची त्याच्यावर वेळ आली होती, आणि तो इतका वाईट अभिनय करत होता की बंपरला अधूनमधून थोपटत होता.

"हेला हॉब! हेला हॉब!"

गाडी उडाली आणि वीतभर तिरकी होऊन पडली. त्याबरोबर तिने भोंगा सुरू केला. सारी गल्ली दणाणली! चिनी बाई काचेआडून व्याख्यान द्यायला लागली. मी घाबरून पर्समध्ये हात घातला आणि किल्लीचं बटण दाबलं. भोंगा बंद. नेमक्या त्याच वेळी उस्ताद फिक्रींनी रागाने गाडीच्या टपावर थप्पड मारलेली होती.

"वाहवा, उस्ताद!" न्हावी ओरडला. "एका थपडेत गप्प केली!"

"शाळा चालवलीय मी," उस्ताद फिक्री म्हणाले.

"हेला हॉब!" पुन्हा भोंगा. पुन्हा थप्पड. मी पुन्हा बटण दाबलं. आता काय करणार? थप्पड बसल्यावर भोंगा बंद झाला नसता तर त्यांचा अपमान झाला असता, आणि ते माझ्या भावाचे होणारे सासरे होते! तिसऱ्या थपडेनंतर ते गर्दीला शिस्तीवर चार शब्द सांगत होते. चौथ्या वेळी फळवाल्याला मारून बघायचं होतं. त्याने मारलं, मी बटण दाबलं नाही. भोंगा चालूच राहिला. मग उस्तादांनी मारलं, मी दाबलं. टाळ्या!

"पर्समध्ये एवढं काय शोधतेस, बाळा?" तांत सुहैरने विचारलं.

"रुमाल," मी म्हणाले.

पाचव्या 'हेला हॉब'ला घोळ झाला. गाडी उडाली, आणखी तिरकी झाली आणि मागचा कोपरा थेट फियाटला जाऊन चिकटला. सगळ्यांनी हात काढून घेतले. सफ्वतने हात काढला, पण त्याच्या कोटाचा घोळ दोन बंपरांच्या मध्ये सापडला. त्याने ओढलं. कोट सुटेना. वरून मला एवढंच दिसलं की माझा भाऊ दोन गाड्यांच्या मध्ये आहे आणि त्याला हलता येत नाहीये.

त्या खोल खुर्चीतून नाही, पण बाल्कनीतून मी कशी निघाले ते मला आठवत नाही. तांत सुहैर मागून ओरडत होती. पर्स हातात तशीच घेऊन मी जिना उतरले, कॅफे ओलांडला, गर्दीत घुसले. "सफ्वत! पाय! पाय बाहेर आहे का तुझा?"

"अब्ला, येऊ नकोस!" तो किंचाळला.

पण मी गेले होते. आणि गाडीने मला ओळखलं!

पुढचे दिवे हळूहळू उजळले. मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे दोन्ही बाजूंना उघडले. दारात लपलेल्या मुठी मला हात दिल्यासारख्या बाहेर आल्या. आणि चिनी बाई, जी इतका वेळ सगळ्यांना रागावत होती, ती मधाळ आवाजात काहीतरी म्हणाली. गावाहून आलेल्या लेकीशी आई बोलेल, तसं.

फळवाल्याच्या हातातलं संत्रं पडलं, ते गडगडत गेल्याचंही ऐकू आलं.

कॅफेत बंदारीने अखेर मान वळवली. "हीच!" तो ग्लास उंचावून म्हणाला. "पिपाणीवाली मॅडम!"

उस्ताद फिक्रींनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग स्वतःच्या लाल झालेल्या तळहाताकडे बघितलं.

"मेट्रोने," ते म्हणाले. "आणि मग टॅक्सीने."

मी गाडीत बसले. निदान ती पुढे घ्यावी, कोट सोडवावा, मग काय व्हायचं ते होवो! पण तिरकी झालेल्या गाडीचं नाक झाडाला लागलं होतं, शेपूट फियाटला, आणि चारही बाजूंनी माणसं वाकून बघत होती. पडद्यावर लालच लाल. टीं-टीं-टीं-टीं! मी पाय दाबला, ती जागची हलेना. समोर अडथळा, मागे अडथळा, डावीकडे न्हावी! सेन्सर बंद करायचा कुठेतरी पर्याय असणार, तो चिनी भाषेत असणार. मी दिसेल ते दाबलं. सीट गरम झाली.

याच वेळी गल्लीच्या तोंडाशी एक टुकटुक थांबली आणि तिच्यातून अब्दुलबारी मामा उतरले. अंगात पायघोळ गलाबिया, हातात फतीरच्या पोळ्यांची टोपली. स्टेशनावर वाट बघून कंटाळून स्वतःच निघून आले होते. त्यांनी गर्दी बघितली.

"कुणी मेलं का?"

"अजून नाही," उस्ताद फिक्री म्हणाले.

"नवरामुलगा कुठला?"

"तो. कोटाने अडकलाय तो."

मामांनी सफ्वतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छान," ते म्हणाले. "म्हणजे पळून जायची भीती नाही."

कुणीतरी हसलं. उस्ताद फिक्री हसले नाहीत. "हसू नका, अब्दुलबारी. गाडीचं एक वेळ सोडा. हे माझ्या घरात बसून खोटं बोलले. माझ्याच बाल्कनीत उभं राहून स्वतःच्या गाडीला माझ्याबरोबर शिव्या दिल्या!"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी सफ्वत बोलला. त्याने कोटातून हात काढून घेतले, कोट तिथेच लोंबकळत ठेवला आणि शर्टावर पुढे आला.

"उस्ताद, गाडी अब्लाची आहे, पण टॅक्सी माझी आहे. म्हणजे खोटं माझं आहे. मला वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हणायचं असेल तर मला म्हणा. तिला काही बोलू नका. तिने ब्रेक सोडला होता. तिला नाही सोडता आला तर जगात कुणालाच येणार नाही."

एवढी वाक्यं! ओळीने! मी गरम सीटवर बसून रडायला लागले. गरम सीटमुळे असेल.

"आणि बाबा," वरून आवाज आला, "मलाही माहीत होतं."

हनादी बाल्कनीच्या कठड्यावरून वाकली होती.

"तुला? कधीपासून?"

"ते आले तेव्हापासून. मी खिडकीत होते. हे मागे उभे राहून हात हलवत होते आणि अब्ला ढुंकूनही बघत नव्हत्या. तरी हे हलवतच होते. म्हटलं, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही आणि तरी जो चिडत नाही, तो मला चालेल."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्यांना तिथूनच परत पाठवलं असतं. आता खोटं बोलणाऱ्यांना घरात घ्यायचं नसेल तर मलाही खालीच यावं लागेल. येऊ का?"

गल्लीतल्या सगळ्यांनी आता उस्ताद फिक्रींकडे बघितलं. ते आढ्यतेने उभे राहिले, पण मुख्याध्यापकालाही वर्गच फितूर झाला की फार काही करता येत नाही.

"फिक्री!" तांत सुहैर आतून ओरडली. "सरबतातला बर्फ वितळून गेलाय! काय ते लवकर ठरव!"

उस्ताद फिक्रींनी दीर्घ श्वास घेतला. "वर चला," ते सफ्वतला म्हणाले. मग न्हाव्याकडे, फळवाल्याकडे आणि डॉमिनोवाल्यांकडे वळून म्हणाले, "तुम्ही पण चला. एवढं उचललंत, तर सरबत प्या."

फातिहा वाचली गेली. तांत सुहैरच्या आनंदाच्या आरोळ्या ऐकून गल्लीतल्या प्रत्येक घरातून आरोळी उठली, आणि खाली आमच्या गाडीने पुन्हा भोंगा सुरू केला. मी पर्समध्ये हात घालण्याआधी उस्ताद फिक्रींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. चार थपडांचंसुद्धा!

आम्ही मेट्रोने घरी गेलो. कोट गाडीपाशीच राहिला.

गाडीही राहिली. झाड हलणार नव्हतं, फियाट हलू शकत नव्हती, आणि पुन्हा उचलायला गल्ली तयार नव्हती. सफ्वत रोज संध्याकाळी "कोट बघून येतो" म्हणून शुब्राला जायला लागला. कोट बघायला त्याला जेवणाची वेळ उलटेपर्यंत लागायचं. मी शाळेत मेट्रोने जात होते. शेवटी अल-अझहर विद्यापीठात शिकणारा एक चिनी विद्यार्थी मी शोधून काढला आणि त्याला गाडीत बसवलं. त्याने दोन ठिकाणी बोट लावून सेन्सर गप्प केले. कुलूप लावल्यावरही गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायचा पर्याय होता, तोही दाखवला. मग गाडी निघाली. कोट निघाला, पण कोट म्हणण्यासारखा राहिला नव्हता.

"आणि ही बाई सारखं काय ओरडत असते?" मी विचारलं.

त्याने कान देऊन ऐकलं. "ती म्हणते, आदरणीय मालक, कृपया एकदा स्वतः वळून बघा."

शाळेतल्या शिक्षिका अजून विचारतात, सेन्सर घ्यावेत का? मी सांगते, घ्यावेत. अंतर ते अगदी बरोबर मोजतात. एवढंच सांगते आणि तास घ्यायला निघून जाते.

लग्नाच्या आदल्या दिवशी उस्ताद फिक्रींचा फोन आला. मला वाटलं, गाडी आणू नकोस असं सांगतील.

"अब्ला, गाडी आण," ते म्हणाले. "हॉलच्या फाटकात आडवी लाव आणि ब्रेक ओढून ठेव. माझ्या नातेवाइकांना मी ओळखतो. भेटवस्तू वाटून झाल्या की जेवायला न थांबता पळतात. एकही गाडी बाहेर पडता कामा नये!"

एवढा मान मला कुणी दिला नव्हता. मी फाटकात गाडी आडवी लावली, काटकोनात, दोन्ही बाजूंना समान अंतर सोडून. कुलूप लावलं. 'खट्' झालं. पाहुणे झक मारत जेवायला थांबले, उस्ताद फिक्री सिंहासारखे हिंडत होते, आणि किल्ली हरवू नये म्हणून मी ती सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली होती, कुलूपबंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या माझ्या पर्समध्ये.

फुलांनी सजवलेली नवरानवरीची गाडी फाटकाच्या आत होती, हे त्यानंतर लक्षात आलं.